शून्य नोंद

कॉम्प्युटरसमोर बसायचं म्हटलं की ग्रंथालयातल्या बाई काहीतरी काम काढून कपाटांकडे सटकायच्या. "शिका, नाहीतर घरी बसा," नवे साहेब म्हणाले आणि बाई इरेला पेटल्या. महिनाभरात त्यांनी कुणालाही न विचारता यादी काढली: दहा वर्षांत एकदाही घरी न नेलेली चारशे बारा पुस्तकं. साहेबांनी पाठ थोपटली, पुस्तकं रद्दीत गेली. सोमवारी नेहमीचे आजोबा आले, भिंग पुसत बसले. इथे बसून वाचलेल्याची नोंद कधीच होत नसे. बाई सवयीनं त्यांचं जाडजूड पुस्तक आणायला गेल्या आणि रिकाम्या फळीपाशी थिजल्या. परत येऊन उसन्या ठसक्यात म्हणाल्या, "ते पुस्तक कोणी वाचतच नव्हतं, आजोबा. कॉम्प्युटरवर शून्य दाखवत होतं." आजोबांनी भिंग खिशात ठेवलं. "चाळीसच पानं उरली होती. पण बाई, रोज सकाळी ते माझ्या हातात कोण देत होतं?"