अध्यक्षांची रिबन
चांगबोकच्या निवृत्तीला कंपनीच्या अध्यक्षांनी रिबन बांधून पाठवलेल्या ऑर्किडला पिठ्या ढेकूण लागले, तेव्हा त्याने बायकोच्या, किमचीच्या लोणच्यासाठी लावलेल्या मिरच्यांच्या कुंड्या जिन्यात हाकलल्या. "ही घाण तुझ्याच भिकार झाडांनी आणली." रोज तो बिअरमध्ये भिजवलेल्या बोळ्याने पानं पुसायचा, कीड जायची, पुन्हा यायची. "अहो, आधी ती रिबन काढा," मीरान म्हणाली. "त्यावर अध्यक्षांचं नाव आहे. आल्यागेल्याला काय तुझं तोंड दाखवू?" वर्षभरात कुत्रंही फिरकलं नव्हतं. मीरानने कात्री चालवली. सोनेरी अक्षरांची रिबन गळून पडली आणि तिच्या गाठीखाली दडलेली पांढरी, कापसासारखी अख्खी वस्ती वळवळू लागली. आतातरी हा माणूस ओशाळेल, असं तिला वाटलं. चांगबोकने रिबन झटकली, बोटांनी सरळ केली आणि जिन्यातली मिरचीची टवटवीत कुंडी दिवाणखान्यात आणली. "बांध इथे," तो म्हणाला. "नाव समोरून दिसलं पाहिजे."