दहा आकडे मोजेपर्यंत

कुकरची शिट्टी झाली आणि घरातली शांतता मोडली. “अगं, उत्तर तुला ठाऊक आहे ना? मग सांगून टाक की!” सरावासाठी विद्यार्थी म्हणून समोर बसवलेल्या सासूबाई वैतागल्या.

सुनेने खडू मुठीत आवळला, ओठ मिटले. पीएचडी करणाऱ्यांच्या हाती वर्ग देण्याआधी वनस्पतिशास्त्र विभागातल्या मॅडम त्यांच्याकडून शिकवण्याचा सराव करून घेत. गेल्या वेळी स्वतःच्या आठही प्रश्नांची उत्तरं तिनेच देऊन टाकली होती. “वर्गात तू एकटीच शिकलीस,” मॅडम म्हणाल्या होत्या. “प्रश्न विचारलास की मनात दहा आकडे मोज. गप्प राहायला शीक.” उद्या पुन्हा मॅडमसमोर सरावाचा धडा होता. जमलं नाही, तर बीएस्सीचा वर्ग यंदा दुसऱ्या कुणाला मिळणार होता.

सहा... सात... प्रश्न साधाच होता: बी उलटं पेरलं, तर मूळ कुठं जाईल?

“खालीच जाणार!” सासूबाई एकदम म्हणाल्या. “जन्मभर शेतात भुईमूग टोकून पेरला मी. एकेक दाणा सुलटा करत कोण बसतंय? पण मूळ वर आलेलं कधी बघितलं नाही बाई!”

तिचा ऊर भरून आला. पहिल्यांदाच उत्तर समोरून आलं होतं, आणि तेही पुस्तकात नसलेलं.

आजीला टेकून बसलेली सात वर्षांची लेक मात्र कपाळाला आठ्या घालून विचारात पडली होती. मग तिने असं काही विचारलं, की आईला हसू आवरेना.

“आई, अंतराळवीरांनी तिकडं तरंगत तरंगत दाणा पेरला तर? तिथं खाली कुठं असतं?”