नावांच्या पट्ट्या

"इंग्रजी नोटिशीत 'कारखाना कायमचा बंद' असं आहे, सर. स्पॅनिशमध्येही तेच लिहू ना?" भाषांतराचं काम बघणाऱ्या शर्वरीनं विचारलं.

"तात्पुरता लिही," दाभाडे साहेब चहात बिस्किट बुडवत म्हणाले. "खरं कळलं तर मशिनं खोलून पेट्यांत भरून देणार कोण? मेक्सिकोतल्या त्या लोकांचा भरवसा कंपनीवर नाही, तुझ्यावर आहे."

होताच. सहा वर्षं पुण्याहून गेलेलं प्रत्येक पत्र त्यांनी तिच्याच शब्दांत वाचलं होतं. तिनं 'तात्पुरता' लिहिलं.

दोन आठवड्यांनी तिकडच्या फोरमननं, रामिरोनं, फोटो पाठवले. प्रत्येक मशिन पुसून, ग्रीस लावून पेटीत ठेवलेलं, आणि त्यावर चिकटपट्टीनं एकेका कामगाराचं नाव. 'परत सुरू होईल तेव्हा ज्याचं मशिन त्यालाच मिळावं,' असं खाली लिहिलं होतं.

शर्वरीनं ते साहेबांना वाचून दाखवलं.

साहेबांनी फोटो मोठा करून पाहिला. "पट्ट्या काढायला सांग. विकत घेणाऱ्याला गोंदाचे डाग नकोत."

तिनं तसं लिहून पाठवलं, 'कृपया' घालून.

पाच मिनिटांत रामिरोचं उत्तर आलं. 'काढतो. तू सांगतेस म्हणजे आमच्या भल्याचंच असणार.'