वाघजाईचं वळण

घाट उतरून आलेली जीप चौकीसमोर आपोआप बंद पडली, तेव्हाच इन्स्पेक्टर घोडकेंना संशय आला. स्टिअरिंगवर लाल अक्षरं उमटली होती: चालक मारुती खुटवड, नजर गेल्यामुळे लायसन्स रद्द. हल्ली स्टिअरिंगच हातांच्या सवयींवरून माणूस ओळखायचं. लायसन्सच्या कार्डाला कोणी विचारत नव्हतं.

पण गाडी चालवत होती खुटवडांची लेक तेजश्री. खुटवड काळा चष्मा लावून मागे बसले होते.

"जागा कधी बदललीत?" घोडकेंनी दरडावलं.

"देवाशपथ साहेब, मीच चालवतेय. परवाच लायसन्स मिळालंय."

"मग चालव. बघतोच." लाल अक्षरांनाही न जुमानणाऱ्या पोलिसी किल्लीने जीप सुरू करून देत ते तिच्या शेजारी बसले.

चढावरच्या वळणावर वाघजाईचं देऊळ आलं. तेजश्रीने दोनदा हॉर्न दिला आणि डावा हात उचलून कपाळाला लावला. स्टिअरिंग पुन्हा लाल झालं: मारुती खुटवड.

"हे कुणी शिकवलं?"

"बाबांनीच. लहानपणी मांडीवर बसवून."

घोडके नरमले, पण तिच्या हातांवरची नजर काही त्यांनी काढली नाही. "आता दोन्ही हात स्टिअरिंगवर. हॉर्न नको, नमस्कार नको. नाहीतर तुझंही लायसन्स जाईल."

परतताना देवळाचं वळण पुन्हा आलं. तेजश्रीने ओठ आवळून हात जागेवरच ठेवले. अक्षरं हिरवी झाली: तेजश्री खुटवड.

मागे खुटवड एकदम ताठ झाले आणि पुढची सीट चाचपू लागले.

"पोरी, आहेस ना तू? गाडी कोण चालवतंय?"