काकूंचं बांधकाम

दगड पत्र्यावर आदळला आणि घरंगळत अंगणात आला. काकूंनी तो उचलून उलटसुलट करून पाहिला. "हा कोपऱ्याला चालेल," म्हणाल्या आणि टोपलीत टाकला.

मग मान वर करून ओरडल्या, "अरे मेल्यांनो, सगळे बारकेच काय फेकताय? अंगात जोर नाही का?"

शिवणकाम करणाऱ्या काकूंचं घर वरची आळी आणि खालची आळी यांच्या बरोबर मधे. वरची आळी प्रार्थना उभ्याने करते, खालची बसून. आजवर कोणाचं काही अडलं नव्हतं. यंदा निवडणूक आली, पुढारी आले, आणि देवाला उभ्याचं आधी ऐकू जातं की बसलेल्याचं, यावरून माणसं एकमेकांच्या जिवावर उठली, दोन्हीकडून दगड सुटू लागले. दुकानं बंद, शाळा बंद. काकूंकडे दोन्ही आळ्यांचे शिवलेले कपडे एकाच दांडीवर लटकत होते, न्यायला कोणी येईना.

काकूंचा जीव मात्र काकांत अडकला होता. घरात संडास नाही. सार्वजनिक संडास खालच्या आळीत, आणि वाटेत बाकडी, पिंपं, मोडक्या गाड्या आडव्या रचलेल्या. काका पडल्यापासून गुडघ्याने अधू. त्यांना ना धड उभं राहता येई, ना धड खाली बसता येई, त्यामुळे दोन्हीकडचे त्यांना आपलं म्हणेनात. सांगायची लाज, म्हणून काकांनी पाणी पिणंच सोडलं. ओठांना भेगा पडल्या. काकूंनी तांब्या पुढे केला की म्हणायचे, "नको गं, तहान नाही." काकूंना रडू यायचं आणि संतापही यायचा.

शेजारच्या गवंडीदादाचंही काम बंदच होतं. अंगणातला दगडांचा ढीग बघून तो म्हणाला, "घरपोच माल येतोय, काकू. एक संडास उभा करू. खड्डा मी खणतो, आत काकांना टेकायला उंच ओटाही करतो."

भिंती चढू लागल्या. सकाळी वरून माल यायचा, दुपारी खालून. मधे एक दिवस कोणीच काही फेकलं नाही, तर काकू दारात येऊन वाट बघत बसल्या.

अखेर दार बसलं, आणि नेमकी त्याच दिवशी शांतता झाली. काका तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले, काठी टेकत आत गेले आणि त्यांनी कडी लावली. काकू बाहेर उभ्या राहिल्या. किती दिवसांनी त्यांना बरं वाटलं!

तेवढ्यात दोन्ही पुढारी गळ्यात गळे घालून अंगणात शिरले. मागे दोन्हीकडचा जमाव.

"वा, काकू!" वरचे पुढारी गहिवरले. "आमच्या पोरांनी फेकलेल्या दगडांचं स्मारक बांधलंत!"

"आमच्याही पोरांनी," खालचे पुढारी म्हणाले.

"अहो, संडास आहे तो," काकू म्हणाल्या. "आत आमचे हे आहेत."

ऐकतो कोण! दोघांनी पायातलं काढून ठेवलं. वरचे पुढारी बंद दारासमोर डोळे मिटून ताठ उभे राहिले. खालचे पुढारी डोळे मिटून खाली बसले. मग दोघांनी एकेक डोळा किलकिला करून शेजारी पाहिलं.

"स्मारकासमोर बसता? उठा आधी!"

"तुम्ही बसा आधी!"

मागून कोणीतरी पहिला दगड भिरकावला. जमाव दुभंगला, आणि पुढारी अनवाणीच आपापल्या आळीकडे पळाले.

आतून काकांचा घाबरलेला आवाज आला, "अगं, परत सुरू झालं का?"

"झालं. तुम्ही बसा निवांत. भिंती पक्क्या आहेत."

काकूंनी पदर खोचला, टोपली उचलली आणि गवंडीदादाला हाक मारली, "दादा, या लवकर! आता न्हाणीघर काढू."