अस्तर

फान उस्तादांनी चष्मा लावला आणि चूकपत्र वाचायला सुरुवात केली. "मी, फान देशुन, शूटच्या आतल्या फरशा चिकटवताना हलगर्जीपणा केला..."

सकाळच्या पाळीचे तीस जण माना खाली घालून ऐकत होते. शेवटच्या बाकावर इंजिनियर ताओ सूयुन स्वतःच्या बुटांकडे बघत बसली होती. हलगर्जीपणा हा शब्द तिचा. तिच्याच अहवालातला: उस्तादांनी डिंक कच्चा ठेवला, म्हणून फरशा सुटल्या.

फरशाही तिच्याच पसंतीच्या. खाणीतलं लोहखनिज पत्र्याच्या ज्या उतरत्या नळातून, म्हणजे शूटमधून, वाहक पट्ट्यावर पडतं, त्याला सिरॅमिकचं अस्तर लावायचं तिनेच ठरवलं. उस्ताद तेव्हा म्हणाले होते, "बाई, घसरणाऱ्या मालाला फरशी ठीक. इथे डोक्याएवढे धोंडे आदळतात. पोलाद घाला."

"तुम्ही बसवायचं बघा, उस्ताद. निवडायचं आम्ही बघतो."

तीन आठवडेही झाले नाहीत, तोच अस्तर फुटलं, पत्रा फाटला. पट्टा बंद पडला.

सभा संपली. उस्ताद छिन्नी-हातोडा घेऊन उरलेल्या फरशा काढायला शूटमध्ये उतरले. व्यवस्थापक हानसाहेबांनी सूयुनलाही पाठवलं. "बघून या जरा."

आत दोघांना जेमतेम उभं राहता येत होतं. उस्ताद घामाघूम झाले होते. तिला बघून ते थांबले. छिन्नी-हातोडा तिच्यापुढे केला.

"माझे हात भरून आले, बाई. ही एवढी फरशी बघता का?"

त्यांनी बॅटरी धरली. सूयुनने घाव घातला. फरशीचे तीन तुकडे झाले. तिन्ही जागच्या जागी. तिने दुसरीवर घातला, तिसरीवर घातला. फटीत छिन्नी घालून अंगाचा सगळा भार दिला. छिन्नी सटकली, बोटं सोलवटली. फरशीखालचा डिंक पत्र्याला धरून होता.

वरून हानसाहेबांचा आवाज आला. "काय ताओबाई, कच्चा डिंक! नखानेच निघत असतील!"

वर दोघं-तिघं हसले.

सूयुनने उस्तादांकडे बघितलं. ते पत्र्याकडे बघत होते.

"निघत नाहीयेत," ती म्हणाली.

"काय? मोठ्याने बोला!"

"निघत नाहीयेत, साहेब! एकसुद्धा!"

वरचं हसणं थांबलं.

उस्तादांनी बॅटरीचा झोत तिच्या चेहऱ्यावरून हळूच बाजूला घेतला.