तांबड्या गोळ्या

दुष्काळाच्या साली दूध सोसायटीच्या ओट्यावर दर बुधवारी डॉक्टर बसायचे. सत्यभामा आणि तिची शेजारीण छबुबाई, दोघींचीही कंबर धरली होती. डॉक्टरांनी छबुबाईला तांबड्या गोळ्या दिल्या, सत्यभामेला पांढऱ्या. कुणाला कशाचा गुण येतो ते बघू, म्हणाले.

पंधरा दिवसांत छबुबाई ताठ चालायला लागली आणि सत्यभामेचा नुसता जळफळाट झाला.

"चांगल्या गोळ्या तुलाच बऱ्या मिळत्यात गं!"

"घे की माय, तुझ्या मला दे," छबुबाई हसून म्हणाली.

गोळ्यांची अदलाबदल झाली. तांबड्या खाऊनही सत्यभामा वाकलेलीच राहिली, आणि छबुबाई पांढऱ्यांवरही टुणटुणीत.

पुढच्या बुधवारी अदलाबदलीचं कळलं तसे डॉक्टर चक्रावले. "छबुबाई, आणखी काही औषध घेता का?"

"न्हाई बा. कंबर धरल्यापासून टँकरचं पाणी तेवढं मालक आणतेत. मला घागर उचलू देत न्हाईत."

सत्यभामा तिच्याकडं बघतच राहिली. तेवढ्यात रस्त्यावरून तिच्या नवऱ्याची, धोंडीरामची हाक आली.

"अगं ए, झालं का न्हाई तुझं? टँकर आलाय, घागरी घेऊन पळ लवकर!"